हात थरथरणाऱ्या अण्णांसाठी कॅमेरा घेतला, त्याची गोष्ट

२०१८चा दसरा. मी चिपळूणजवळच्या आमच्या गावी गेले होते. सकाळी अण्णांनी नेहमीप्रमाणे दाराला नवं बांधलं, भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि झेंडू. बांधून झाल्यावर म्हणाले, "जरा तुझा मोबाइल दे बघू, फोटो काढतो." मी कॅमेरा सुरू करून फोन त्यांच्या हातात दिला. पाचेक मिनिटांनी त्यांनी तो परत केला आणि काही न बोलता मागल्या दारी निघून गेले. फोनमध्ये सदतीस फोटो होते. अंगठा स्क्रीनवर टेकून राहिल्यामुळे एकामागून एक निघत गेलेले. त्यातला एकही धड नव्हता.

अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारे, होते. त्यांनी शाईने काढलेले नकाशे मी लहानपणी पाहिले आहेत. बांधाची एकेक रेघ केसासारखी बारीक असायची. फोटोंचा नाद तेव्हापासूनचा. आधी आग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. नंतर नव्वदच्या दशकात याशिका एमएफ टू, छत्तीस फोटोंचा. पुढे रोल मिळेनासे झाले, धुऊन देणारा स्टुडिओही बंद पडला, आणि २०१६ साली डॉक्टरांनी हाताच्या थरथरीचं निदान केलं: इसेन्शियल ट्रेमर. हा पार्किन्सन्स नव्हे. पार्किन्सन्समध्ये हात स्वस्थ असताना जास्त थरथरतो, यात हात कामाला लावला की थरथरतो. चमचा, पेन, कॅमेरा, जे उचलावं त्यातच. नेहमी दिलं जाणारं औषध अण्णांना दम्यामुळे चालत नाही.

मुंबईला परतताना दिवा पॅसेंजरमध्ये बसल्या बसल्या मी ठरवलं की त्यांना चालेल असा कॅमेरा शोधायचा. तो मिळेपर्यंत जानेवारी उजाडला. या काळात मला जे कोणी सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही, ते इथे लिहून ठेवते. घरात असं कोणी माणूस असेल तर तुमचे दोन-तीन महिने वाचतील.

सुरुवातीला ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, कॅमेरा कशाला, चांगला मोबाइल घ्या. मोबाइलचे फोटो चांगले येतात हे खरंच आहे. पण गुळगुळीत काचेवर बोट नेमकं टेकवायचं आणि नेमकं उचलायचं, हेच तर अण्णांना जमत नव्हतं. त्यांना खरंखुरं बटण हवं होतं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस पकडतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो, आणि बोट बटणावर राहिलं तरी दुसरा निघत नाही, असं. याशिकावर त्यांचं बोट वर्षानुवर्षं बटणावरच बसलेलं होतं.

९ नोव्हेंबरला भाऊबीज होती. दादाने ओवाळणीत पाच हजार घातले आणि म्हणाला, "कॅमेऱ्यात टाक." वरचे मी घालायचे ठरले. दहा हजारांच्या आत बसवायचं, कार्ड आणि पाऊच धरून.

पुढचा आठवडा रोज रात्री वाचण्यात गेला. तेव्हा या किमतीतल्या सगळ्याच कॅमेऱ्यांवर १६ किंवा २० मेगापिक्सल असं ठळक छापलेलं असायचं. प्रत्यक्षात सहा बाय चार इंचाच्या प्रिंटला दोन मेगापिक्सलच्या आसपास पुरतात, म्हणजे तो आकडा आमच्या काही कामाचा नव्हता. आत प्रकाश टिपणारा जो सेन्सर असतो, तो या सगळ्यांमध्ये जवळपास सारखाच, सव्वासहा मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटर. घरातली मोठी तुरीची डाळ हातावर घेऊन पाहा, साधारण तेवढा. एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके. त्या सेन्सरवर एक कोटी साठ लाख ठिपके बसवले काय आणि दोन कोटी काय, तेवढ्याशा जागेत त्याने फारसा फरक पडत नाही.

झूमचं तसंच. खोक्यावर दोन आकडे असले तर ऑप्टिकल, म्हणजे लेन्सने होणाऱ्या, झूमचाच धरायचा. डिजिटल झूम म्हणजे आहे तोच फोटो कापून मोठा करणं.

आमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट तिसरीच निघाली आणि ती खोक्यावर सगळ्यात बारीक अक्षरात असते: हाताची हालचाल सावरून घेण्याची सोय. ती दोन तऱ्हेची असते. ऑप्टिकल तऱ्हेत लेन्सच्या आतला एक भाग हाताच्या उलट दिशेला सरकून प्रतिमा जागेवर ठेवतो. डिजिटल किंवा इलेक्ट्रॉनिक तऱ्हेत असं काही सरकत नाही, आतला प्रोसेसर सांभाळून घ्यायचा प्रयत्न करतो. एकाच कंपनीच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन कॅमेऱ्यांत हा फरक असू शकतो. सोनीच्या डब्ल्यू ८०० मध्ये इलेक्ट्रॉनिक आहे आणि डब्ल्यू ८३० मध्ये ऑप्टिकल. कॅननच्या इक्सस १८५ मध्ये डिजिटल आहे आणि इक्सस १९० मध्ये ऑप्टिकल. निकॉनचा कूलपिक्स ए १० मला आधी फार पटला होता, कारण त्यात पेन्सिल सेल चालतात आणि ते गावच्या दुकानातही मिळतात. पण त्यातही ऑप्टिकल सोय नाही. मी त्याच्यावर काट मारली. वाईट वाटलं, पण मारली. उरले दोन, डब्ल्यू ८३० आणि इक्सस १९०.

१७ नोव्हेंबरला, शनिवारी, सीएसएमटीला उतरून बोरा बझारात गेले. कॅमेऱ्याची दुकानं तिथे एकाला लागून एक आहेत. मी एकटीच गेले, ही पहिली चूक. "यात ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आहे का?" असं विचारलं की उत्तर यायचं, "सगळ्यात असतं, मॅडम." त्यामुळे तोंडी उत्तरावर जाऊ नका, खोकं हातात घेऊन स्वतः वाचा. एका दुकानात मला एक कॅमेरा बाराशे रुपयांनी स्वस्त सांगितला. बिल मागितल्यावर "बिल कशाला, पीस चांगला आहे" असं ऐकायला मिळालं. खोकं उलटून पाहिलं तर एमआरपीचा स्टिकरच नव्हता. परदेशातून आलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सगळ्या करांसह किंमत असावीच लागते. तो स्टिकर नसेल तर माल अधिकृत वाटेने आलेला नाही असं समजायचं, आणि तसल्या पीसला इथली वॉरंटी मिळेल या भरवशावर राहायचं नाही. मी तसाच परत ठेवला. घरी येईपर्यंत पाय दुखायला लागले होते आणि हातात काहीच नव्हतं.

मग कंटाळून ऑनलाइन मागवला. २४ नोव्हेंबरला पार्सल आलं. बाहेरचं पाकीट नीट होतं, पण आतल्या खोक्याचं सील आधीच कापून पुन्हा चिकटवलेलं. कॅमेरा सुरू केला तर तारीख-वेळ आधीच भरलेली होती. नवा कॅमेरा पहिल्यांदा सुरू केला की तारीख विचारतो, म्हणजे तो कोणीतरी वापरून परत केलेला होता. परत पाठवायला तीन फोन झाले. मी उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवला होता म्हणून निभावलं. पैसे खात्यात यायला अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत मला खरंच वाटून गेलं की हा नाद सोडून द्यावा. अण्णांनी तर मागितलाही नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णा-आई माझ्याकडे डोंबिवलीला आले, आईच्या मोतीबिंदूची तपासणी होती. ८ तारखेच्या शनिवारी संध्याकाळी मी अण्णांना घेऊन घराजवळच्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकान लहान, काचेच्या कपाटात डिस्प्लेचे पीस. मालकांना सगळं खरं सांगितलं: हात थरथरतो, याच हाताने काढून पाहायचेत, वेळ लागेल. त्यांनी स्टूल पुढे केलं. "बसा काका. सावकाश."

समोरच्या भिंतीवर महालक्ष्मीचं कॅलेंडर होतं. मी म्हटलं, पूर्ण झूम करून त्यावरच्या तारखा काढायच्या, प्रत्येक कॅमेऱ्याने दहा फोटो. पूर्ण झूमच का, तर झूम वाढला की हाताची हालचालही तेवढीच मोठी दिसते आणि लेन्समधून उजेड कमी येतो. जो कॅमेरा तिथे टिकतो तो अंगणातही टिकतो. अण्णांनी आधी ऑप्टिकल सोय नसलेला एक घेतला. स्क्रीनवर कॅलेंडर वाऱ्यात हलल्यासारखं डोलत होतं. दहांपैकी दोन फोटोंत तिथी वाचता आली. मग सोय असलेले दोन्ही. अर्धं बटण दाबल्यावर स्क्रीनवरचं चित्र एकदम संथ झालं, पाण्यात तरंग निवतात तसं. अण्णा थांबले. बोट तसंच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कॅलेंडरकडे, आणि बटण पूर्ण दाबलं. दोन्ही कॅमेऱ्यांत दहापैकी सात-सात फोटो वाचता येण्यासारखे आले.

हे दहा फोटो मोजण्याचं काम तुम्ही दुकानात नक्की करा, आणि ज्याच्यासाठी घेताय त्याच्याच हाताने करा. मी महिनाभर वाचून जे समजून घेत होते, ते अण्णांना वीस मिनिटांत बोटांना कळलं.

दोघांतला एक निवडायला मग फार वेळ लागला नाही. इक्ससला झूम जास्त, वायफायही आहे, पण अण्णांकडे साधा बटणांचा फोन, वायफाय जोडायचं कशाला? शिवाय त्याची बॅटरी काढून वेगळ्या चार्जरमध्ये घालायची असते. तळाचं ते इवलंसं झाकण उघडायचं, खटका सरकवायचा, बॅटरी योग्य बाजूने परत घालायची. अण्णांनी एकदा करून पाहिलं आणि बॅटरी काउंटरवर पडली. डब्ल्यू ८३० कॅमेऱ्यातच केबल लावून चार्ज होतो. केबलचं टोकही बारीकच असतं, पण कॅमेरा टेबलावर ठेवून, मनगट टेकवून ते त्यांना जमलं. किमतीतही तो हजारभराने कमी होता. दुकानदारांनी ८,४९० सांगितले. पण त्यांच्याकडे तो एकच, डिस्प्लेचा पीस होता. सीलबंद यायला पंधरा दिवस लागतील म्हणाले. पाचशे रुपये आगाऊ दिले आणि पावती घेतली. पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घेतलं. हे विसरू नका, कारण एका आकड्याच्या फरकाने दुसराच कॅमेरा हातात येतो.

पंधरा दिवस होत आले आणि २२ डिसेंबरला जीएसटी परिषदेची बातमी आली: डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के होणार, १ जानेवारी २०१९पासून. मी वहीत गणित मांडलं. ८,४९० मधून २८ टक्के कर वजा केला तर मूळ किंमत ६,६३३ च्या आसपास. त्यावर १८ टक्के धरले तर ७,८२७. साडेसहाशेहून जास्त रुपयांचा फरक. गावी अण्णांना फोन केला. "दहा दिवसांनी काय बिघडतंय," ते म्हणाले, "मोजणीच्या तारखेला लोक सहा-सहा महिने थांबायचे."

५ जानेवारीला दुकानात गेले. पीस आलेला होता, खोक्यावर जुनीच एमआरपी. दुकानदार म्हणाले की माल डिसेंबरचा आहे, जुन्याच भावाने घ्यावा लागेल. मी भांडले नाही. वहीतलं गणित त्यांच्यासमोर ठेवलं. कर लागतो तो विक्रीच्या तारखेचा, आणि कर उतरला की त्याचा फायदा गिऱ्हाइकाला द्यायचा असं जीएसटी कायद्याच्या कलम १७१ मध्ये आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी त्यांच्या हिशेबनिसाला फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि ७,८३० चं बिल केलं. पक्क्या बिलावर सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के, प्रत्येकी ५९७ रुपये. बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला, तो खोक्यावरच्या आणि कॅमेऱ्याच्या तळावरच्या नंबराशी जुळवला, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घेतली. सोळा जीबीचं कार्ड ३९०, पाऊच २५०. एकूण ८,४७०. पाचशे आधीच दिलेले होते. बिलाची छपाई वर्षभरात पुसट होते, म्हणून त्याच रात्री झेरॉक्स काढून खोक्यात ठेवली.

गावी नेण्याआधी मी कॅमेरा लावून घेतला. डिजिटल झूम बंद. फोटोचा आकार २० ऐवजी १० मेगापिक्सल. तारीख-वेळ बरोबर. आणि दोन सेकंदांचा टायमर, कारण फोटो जास्त हलतो तो बटण दाबण्याच्या क्षणी. बटण दाबून झालं की दोन सेकंदांत हात जरा स्थिरावतो आणि मग फोटो निघतो. हे सगळं मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहिलं आणि संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, १२ जानेवारीला, तो कागद अण्णांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

आणखी एक युक्ती मला वाचताना सापडली होती आणि आमच्याकडे तीच सगळ्यात उपयोगी ठरली. कॅमेऱ्याच्या तळाला स्टँड बसवायचं भोक असतं, त्याचे आटे पाव इंची बोल्टचे असतात. चिपळूणच्या हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची आखूड बोल्ट घेतला, कॅमेरा सोबत नेऊन तिथेच हलक्या हाताने फिरवून पाहिला. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त आत जाऊ द्यायचा नाही, म्हणून वर दोन वायसर घातले. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनची दोरी बांधली, अण्णांच्या छातीपासून जमिनीपर्यंत पोचेल एवढी, आणि खाली पायात अडकवायला फास केला. पाय फासात घालायचा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ करायची. हात ओढ देत राहिला की थरथर बरीच उतरते. खर्च बावीस रुपये. अण्णांनी पहिल्यांदा दोरी ताणली तेव्हा ती बोटाने छेडून पाहिली, साखळी ताणली की मोजणीदार पाहतात तशी.

सगळंच जमतं असं मात्र नाही. घरात संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात, फोटो रवाळ येतात आणि झूम केलं तर हलतात. हात सावरण्याची सोय ही हातापुरतीच आहे, समोरचं माणूस हललं तर तिचा इलाज नाही. नात अंगणात धावत होती, तिचे सगळे फोटो पुसटले. फ्लॅशचा उजेड तीनेक मीटरच्या पुढे पोचत नाही. आणि बॅटरी दोनशे फोटोंच्या आसपास चालते, म्हणून सणाच्या आदल्या रात्री चार्जिंगला लावायची, हे कागदावर नंतर वाढवलं. फेब्रुवारीत आठेक दिवस अण्णांनी कॅमेऱ्याला हातही लावला नाही, थंडीत थरथर वाढली होती. मी फोनवर विचारायचं टाळलं. मग एका रविवारी आईने सांगितलं की ते पहाटे मोहोराचे फोटो काढायला वाडीत गेलेत, दोरी खांद्यावर टाकून.

२१ मार्चला गावात शिमग्याची पालखी होती. दुपारी चारच्या सुमारास ढोल ऐकू आले. आईने ओटीचं ताट काढलं. अण्णा पडवीच्या पायरीवर बसून होते, पट्टा मनगटात, उजवा पाय फासात. पालखी अंगणात आली, मानकऱ्यांनी खांद्यावर नाचवायला घेतली. मी जवळ जाऊन काही सांगणार होते, पण त्यांनी डाव्या हाताने थांब अशी खूण केली. सवय अशी की बारा फोटो झाल्यावर त्यांनी कॅमेरा खाली घेतला. "अण्णा, रोल नाहीये," मी म्हटलं, "काढा अजून." पालखी शेजारच्या अंगणात जाईपर्यंत चौसष्ट झाले.

त्यातले नऊ त्यांनी निवडले. चिपळूणच्या स्टुडिओत कॅमेरा तसाच दिला, कार्ड त्या मुलानेच काढलं आणि परत घातलं. दहा रुपयाला एक प्रिंट. घरी आल्यावर अण्णांनी जुना अल्बम काढला. त्यात क्लिक थ्रीने काढलेला, १९७४ सालचा याच अंगणातल्या पालखीचा चौकोनी काळापांढरा फोटो आहे. नवा फोटो त्यांनी समोरच्या पानावर लावला, कोपऱ्यांत डिंक लावून, आईकडून दाबून घेत. मग भिंग मागितलं आणि बराच वेळ दोन्ही फोटोंतली एकच जागा पाहत राहिले. पालखीमागचा फणस. जुन्या फोटोत तो मानकऱ्याच्या कमरेएवढा आहे. नव्यात नुसता बुंधाच मावलाय.